दार कोणी उघडलं?

संपादिकेने कागद त्याच्याकडे फिरवला आणि पेन्सिलीचं टोक एका चौकोनावर टेकवलं.

"ही तुमची बाहेरची खोली. बरोबर?"

त्याने चष्मा पुसून पाहिलं. खिडकी, टेबल, कोपऱ्यातली आईची खाट. प्रत्येक माणसासाठी एक छोटं वर्तुळ. तिची ही कामाची रीतच होती. हस्तलिखित हातात आलं की आधी प्रकरणागणिक खोल्या काढायच्या आणि माणसं जागच्या जागी बसवायची. "बसलेला माणूस न उठता दारात पोचला, की मी लेखकाला पकडते," असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती.

तिच्याकडे त्याला छापखानेवाल्याने धाडलं होतं.

"आजोबा, मी छापतो, शिजवत नाही. तुमचं अजून कच्चं आहे," आठवणींचा गठ्ठा परत ढकलत तो म्हणाला होता. "पेन्सिलबाईंकडे जा. रडवतील, पण पुस्तक करून देतील."

रडायची त्याची तयारी होती. आपलं लिखाण टाकाऊ आहे हे ऐकून घ्यायचं, वाद घालायचा नाही, आभार मानून निघायचं, असं तो जिना चढताना स्वतःला बजावत आला होता. टेबलावर ही खोली बघायला मिळेल, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"दुसरं प्रकरण," संपादिका म्हणाली. "घरात तुम्ही, तुमची बायको आणि खाटेवरून न उठणारी आई. माणसं तीन. टेबलावर कप चार."

"नजरचुकीने राहिला असेल."

"असेल. पाचव्यात आईंना कोणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवतंय. तुम्ही बाजारात, बायको नोकरीवर. मग वाचतंय कोण? आणि हे सातवं. तुम्ही किल्ली विसरलात, रस्त्यावरचं दार बंद, बायको गावाला गेलेली. पुढच्याच वाक्यात तुम्ही घरात बसून बूट काढताय." तिने पान त्याच्यापुढे सरकवलं. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता. दार कोणी उघडलं?

त्याचा हात नकळत खिशाकडे गेला. किल्ली जागेवर होती.

"खरं सांगू? मला आधी वाटलं, तुम्ही भुताची गोष्ट लिहिलीय. आणि झकास लिहिलीय. घरात एकटी असताना मी वाचायचं टाळायला लागले." ती हसली. तो हसत नाही हे पाहून तिने हसू आवरलं.

"मुलगी होती आम्हाला," तो म्हणाला. "शाळेत जात होती, तेव्हाच गेली. आधी लिहिली होती मी तिला. मग काढली."

"का?"

"हिची तेवढीच अट होती. पुस्तक काढा, पण तिला त्यात आणू नका."

संपादिकेने पेन्सिल खाली ठेवली.

"वाक्यं काढलीत तुम्ही. ती नाही निघाली," ती म्हणाली. "मी खुणा पुसून देऊ शकते. चौथा कप उचलते, रस्त्यावरचं दार आधीच उघडं ठेवते. आठवड्याचं काम. कोणाला पत्ता लागणार नाही."

"आणि नाही पुसल्या तर?"

"तर तिला परत लिहावं लागेल. ते माझं काम नाही. घरी विचारून या."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय म्हणाल्या तुमच्या बाई? पास की नापास?"

"भुताटकी आहे म्हणाल्या."

"तुम्ही दिवसभर त्या टेबलाशी बसता, तेव्हा मलाही तसंच वाटतं."

एरवी त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं. आज त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला, वर सातव्या प्रकरणाचं ते पान राहील असा. विचारायचं वाक्य वाटेत जुळवून ठेवलेलं होतं, पण ते तसंच राहिलं. मुलगी गेल्यापासून या घरात तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. हातपाय धुऊन येतो, असं पुटपुटत तो आत गेला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ नळाशी उभा राहिला.

बाहेर आला तेव्हा बायको उभ्याउभ्याच वाचत होती. घडी न घातलेला टॉवेल तिच्या खांद्यावर तसाच राहिला होता. तिचं बोट समासातल्या प्रश्नावर थांबलेलं होतं.

"त्या पुसून देतील म्हणाल्या," तो घाईने म्हणाला. "तू म्हणशील तसं."

तिने वर पाहिलं नाही.

"दार उघडलंच नव्हतं," ती म्हणाली. "खाली कोण उतरणार, म्हणायची. किल्ली मोज्यात घालून खिडकीतून टाकायची. उडून गटारात जाऊ नये म्हणून."

मोजा त्याला आठवत नव्हता. इतकं लिहिलं, पुसलं, आणि मोजा आठवत नव्हता.

"कुठल्या मोज्यात?"

"तुमच्याच. हिरव्या. जोडीतला एक तुम्ही हरवलात, दुसरा तिने घेतला." तिने कागदांच्या कडा टेबलावर आपटून नीट केल्या. "लिहायचं तर धड लिहा. आणि बाप सारखा किल्ली विसरायचा, तेही घाला."

"म्हणजे तो चौथा कप—"

"राहू दे," ती म्हणाली, आणि टॉवेलची घडी घालायला लागली.

मग तो लिहीत राहिला, लिहिलेलं मोठ्याने वाचत राहिला. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "असं नव्हतं ते." तो खोडायचा. पानं तयार झाली त्या दुपारी तो ती घेऊन संपादिकेकडे गेला. तिने जुना खोलीचा कागद काढला आणि खिडकीपाशी एक वर्तुळ काढलं.

परत आला तेव्हा दिवे लागले होते. रस्त्यावरच्या दारापाशी येऊन त्याने खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मुलगी गेल्यापासून तो किल्ली एकदाही विसरला नव्हता.

हाक मारायला त्याला संकोच वाटला. तो नुसताच वर बघत उभा राहिला.

खिडकी उघडली. मागे उजेड असल्यामुळे चेहरा दिसला नाही, फक्त एक हात बाहेर आला. त्याच्या पायापाशी काहीतरी मऊपणे पडलं.

तो वाकला. मोजा हिरवा होता. आतली किल्ली कोमट होती, कोणीतरी ती बराच वेळ मुठीत धरून बसल्यासारखी.