मागे राहणारी सायकल

सायकलवाल्यांचे लाड करणारं गाव पुढे आहे, असं मास्तर दोन दिवस सांगत होते. ते खोटं नव्हतं. सिग्नलला सायकलींसाठी वेगळा हिरवा दिवा होता, थांबल्यावर पाय टेकायला लोखंडी दांडीसुद्धा. लॉजच्या मालकिणीने आधी सायकली आत घेतल्या आणि मग माणसांना म्हणाली, "तुम्ही जरा पाय पुसून या."

काकूंनी पाय पुसले, खोलीत येऊन खुर्चीत बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, उद्या मी बसने घरी जातेय."

मास्तर भूमितीचे निवृत्त शिक्षक. नऊ दिवस ते पुढे आणि काकू मागे, अशी ही सहल चालली होती. प्रत्येक चढाच्या माथ्यावर ते घड्याळ बघत उभे असायचे आणि काकू धापा टाकत पोचल्या की म्हणायचे, "वय बोलतं गं." मास्तर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे होते; त्यांचं वय बहुधा मुकं होतं.

"जा तू," मास्तर टॉवेल घेत म्हणाले. "तुझा काही दोष नाही."

हा मोठेपणा काकूंना जास्त झोंबला. लहानपणी वडिलांच्या उंच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत त्या भावांना मागे टाकायच्या. एकदा पोस्टमनला टाकलं, तर तो घरी येऊन आईकडे तक्रार करून गेला होता. तेच का हे पाय? कुणाकडून उसने आणावेत तसे त्या ते निरखत बसल्या.

मास्तर आंघोळीत गुंतल्यावर त्या खाली आल्या. तळमजल्यावर मालकिणीचंच सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

"बसच्या टपावर टाकायचीय. चाकं काढून बांधून द्याल?"

मालकिणीने सायकल उचलून मागचं चाक फिरवलं. ते अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"हा ब्रेक कुणी बसवला?"

"आमच्या ह्यांनी. निघायच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

"रबर रिमला चिकटलंय. काकू, तुम्ही ब्रेक दाबूनच आलात इथवर."

"चारशे किलोमीटर," काकू म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"आणि कॅरिअरवर हे काय बांधलंय?"

"त्यांची हत्यारं. मागच्या सायकलीवर वजन असलं की तोल राहतो म्हणतात."

मालकिणीने पिशवी उघडली. "पाने, पक्कड ठीक आहे. हातोडी कशाला?"

"मलाही कळत नव्हतं. आता उपयोग सुचतोय."

मालकीण इतकी हसली की तिचा पाना खाली पडला. मग ब्रेकचा नट दोन आटे सैल करून ती म्हणाली, "चाकं नंतर काढू. आधी एक चक्कर मारून या."

काकू निघाल्या. सायकल आपसूक पळत होती. नदीकाठच्या सायकल-रस्त्यावर पुढे एक पोस्टमन चालला होता. काकूंनी घंटी वाजवली आणि त्याला मागे टाकलं. हा काही तक्रार घेऊन येणार नव्हता, आणि आला असता तरी ऐकायला आई कुठे होती. तेवढ्यापुरतं त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी एका कॉलेजकुमारालाही टाकलं.

सकाळी मास्तरांनी विचारलं, "बस कितीची?"

"गेली असेल."

गावाबाहेरच्या चढाच्या माथ्यावर काकू घड्याळ बघत उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने मास्तर आले, लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी मागे वळून आपल्या कॅरिअरकडे पाहिलं.

"ही पिशवी माझ्याकडे कशी?"

"तोल राहतो," काकू म्हणाल्या आणि उताराला लागल्या.