निळ्या रंगावर बसवलेला कपॅसिटर

मित्रांनो, मन्सूरा शहरात बयूमीची जुनी सात आसनी गाडी दिसली, तर तिच्या डिकीत डोकावून बघा. पाण्याच्या बाटलीएवढा, चंदेरी, पोटावर ओरखडे असलेला जो दिसेल तो मी, कपॅसिटर. चिडून बोलायची मला सवय नाही. पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही.

ढोलाचा ठोका पडला की ॲम्प्लिफायरला एकदम खूप वीज लागते. बॅटरी पुढे बोनेटखाली. तिची वीज लांब तारेतून पोचेपर्यंत ठोका होऊन जातो. म्हणून मी ॲम्प्लिफायरच्या शेजारी बसून थोडी वीज पोटात धरून ठेवतो आणि मागितली की देतो. भरायचे, द्यायचे, पुन्हा भरायचे. एवढाच माझा रोजचा नेम, आणि देवाच्या कृपेने तो मी कधी मोडला नाही.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. आठवतो तो गल्लीतला वीजमिस्त्री, उस्ता फतूह. तेव्हा त्याला घाई नसे. बिस्मिल्ला म्हणून त्याने मला आधी एका लहानशा दिव्यातून सावकाश भरले. दिवा लख्ख पेटला, मंद होत गेला, विझला. तेव्हा म्हणाला, पोट भरलं याचं. मग डिकीतला पत्रा घासून उघडा केला आणि माझी काळी तार बोल्टने तिथे आवळली. ॲम्प्लिफायरची तार पलीकडे, वेगळ्या बोल्टला. माझ्याकडे आलेली वीज परत जायची वाट म्हणजे माझा तो बोल्ट. ती बंद झाली, तर माझ्या पोटातले पोटातच राहते.

पुढे नऊ वर्षे आम्ही नवरीचे सामान वाजतगाजत पोचवले. आमच्याकडे लग्नाआधी भर दुपारी फ्रिज, गाद्या, भांडी, पलंग टेम्पोंवर रचून नवऱ्याच्या गावी नेतात, आणि गाणी वाजवणारी गाडी सगळ्यांच्या पुढे असते. लोक बयूमीला शाबासकी देत. मला कोणी काही म्हणत नसे. मला त्याचे काही नव्हते.

मग बयूमीच्या धाकट्या बहिणीचे, सनिय्याचे लग्न ठरले. तिच्या होणाऱ्या थोरल्या जावेचे सामान अकरा टेम्पोंतून गेले होते. सनिय्याचे दोनच. सासरच्या बायका आधीच बोलू लागल्या होत्या, आणि ते हिच्या कानावर आले होते. ती भावाला एवढेच म्हणाली, "दादा, टेम्पो दोन असू देत. पण त्यांच्या गल्लीत गाणं थांबायला नको."

बयूमीने काय करावे? नजर लागू नये म्हणून अख्खी गाडी निळी रंगवून घेतली. आतून, बाहेरून, डिकीसुद्धा; दोन जाड हात. रंगाऱ्याने माझा बोल्ट काढला, त्या जागी रंग फासला, आणि वाळल्यावर बोल्ट वरून पुन्हा बसवला.

रंगातून वीज जात नाही, मित्रांनो. हे शाळेतल्या मुलालाही कळते.

सामान निघायच्या दिवशी सकाळी गाणे लावले. प्रत्येक ठोक्याला पुढचे दिवे मिचमिचायचे, आणि चौथ्या-पाचव्या ठोक्याला ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवायला बंद पडायचा. फतूह आला. वाकला नाही. उभ्या उभ्या मला बोट लावून म्हणाला, "म्हातारा झाला हा. आता याला पेन्शन द्या."

बयूमी म्हणाला, "उस्ता, तुमच्याहून तर लहान आहे तो."

फतूह हसला आणि माझ्याहून दुप्पट मोठा नवा कपॅसिटर घेऊन आला. त्याच्या कपाळावर व्होल्ट दाखवणारे लाल आकडे चमकत होते. त्याचीही काळी तार माझ्याच बोल्टला, त्याच रंगावर! तोही भरलेला, मीही भरलेला, आणि दोघांच्या मधे भुकेला ॲम्प्लिफायर. गाणे पुन्हा बंद. मग फतूहने बॅटरीला नावे ठेवली, बयूमीने फतूहला, आणि दोघांनी मिळून मला. बाहेर टेम्पोवाले भोंगे वाजवू लागले. बयूमीची आई, हज करून आलेली हाज्जा सकीना, सोमवारचा रोजा धरून जपमाळ ओढत दारात उभी होती. आतून मी ओरडत होतो, खाली बघा. पण कपॅसिटरचे कोण ऐकतो?

तेवढ्यात सनिय्या बाहेर आली. हातावर कालचीच ताजी मेंदी. गाण्याचा आवाज पुन्हा तुटलेला ऐकून तिने विचारले, ही काळी तार कुठे जाते? फतूह म्हणाला, ताई, हे बायकांचं काम नाही.

ती म्हणाली, "उस्ता, आमचं कपडे धुवायचं मशीन दोन वर्षं आईला झिणझिण्या देत होतं. तुम्ही तीनदा येऊन मोटर बदला म्हणालात. अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला बांधलेली होती, पण पाइपावर रंग होता. तो मी सुरीने खरवडला, तार परत आवळली. त्या दिवसापासून आई निवांत कपडे धुते."

मग तिने स्वयंपाकघरातली सुरी आणली. बयूमीने आधी बॅटरीची तार सोडली, फतूहने वाकून बोल्ट काढला, आणि नवरी मुलगी गुडघे टेकून रंग खरवडत बसली, पत्रा चमकेपर्यंत. मग बोल्ट पुन्हा आवळला, बॅटरी जोडली.

गाणे लावले. पहिल्या ठोक्याला माझ्या पोटातली वीज अशी निघाली, की नऊ वर्षांपूर्वीचा पहिला दिवस आठवला. दिवे स्थिर. कालवा ओलांडून आम्ही सासरच्या गल्लीत शिरलो, दोन टेम्पो आणि आम्ही. गच्चीगच्चीवर बायका जमल्या. शेवटच्या गादीपर्यंत गाणे थांबले नाही. थोरली जाऊ दारात येऊन उभी राहिली आणि टेम्पो मोजायचे सोडून टाळ्या वाजवू लागली.

घरी परतल्यावर कोणीतरी आवाजाची तारीफ केली. फतूह लाल आकड्यांच्या कपॅसिटरवर थाप मारत म्हणाला, माल चांगला घेतला की असं होतं. बयूमीने मान डोलावली. सनिय्या दारात उभी होती. मेंदीच्या हातांच्या नखांतला निळा रंग कोरत राहिली.

मित्रांनो, मला शाबासकी नको. पण तुमच्या घरी काही चालेनासे झाले, की लगेच म्हातारा म्हणून त्याला हाकलू नका, आणि शेजारी नवा आणून बसवू नका. आधी गुडघे टेका. त्याची तार कुठे आवळली आहे, तिथे हात लावून बघा. नखात थोडा रंग जाईल, तो धुतला की निघतो.