कुरामोचींच्या घरावरचा पाय

"अहो, टीव्हीसमोरची गादी कुरामोचीसाहेबांना द्या. त्यांना नीट दिसलं पाहिजे," मी म्हणाले.

माझा नवरा तेइजो हळूच कुजबुजला, "नुइ, नको गं. म्हातारा माणूस आहे."

"मग आपण काय कालची पोरं आहोत?"

बत्तीस वर्षं तेइजोने राक्षसपटांसाठी नखाएवढ्या कौलांची घरं बांधली. समुद्रातून महाकाय प्राणी यायचा आणि तेइजोचं महिन्याभराचं काम एका लाथेत भुईसपाट करायचा. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. पण पडद्यावर नाव यायचं ते एकट्या मुख्य कारागिराचं, कुरामोचींचं. आणि मी मूर्ख बाई, दर डिसेंबरला वर्षअखेरची भेट म्हणून खारवलेला मासा घेऊन त्यांच्याच दारात वाकायचे. आत या, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. त्यामुळे घर बाहेरून मला तोंडपाठ झालं. निळी कौलं, वाकडं फाटक, सज्जात वाळत घातलेली बगळ्यांच्या नक्षीची दुलई.

शेवटच्या चित्रपटाच्या वेळी साहेब इस्पितळात होते. मी तेइजोला म्हटलं, राक्षस तुडवतो त्या गल्लीत त्यांचं घर घाला. तो घाबरला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, तेव्हा कुठे त्याने बांधलं. सज्जातली इवलीशी दुलई मी शिवली. नाव मात्र तेव्हाही साहेबांचंच लागलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही संत्री खात त्या चित्रपटाची कॅसेट बघतो. घरावर पाय पडला की मी टाळ्या वाजवते. 'तुमचा शेवटचा चित्रपट तुम्ही पाहिलाच नाहीत' असं पत्र टाकून आज मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

पडद्यावर पूल कोसळला तसे नव्वदीचे कुरामोची पोरासारखे खिदळले. "शेपटीची तार दिसतेय, तेइजो!"

मग ती गल्ली आली.

"थांबवा!"

मी बटण दाबलं. पाय छपरावर अधांतरी राहिला. "ओळखलंत ना?" मी विचारलं.

ते गुडघ्यांवर सरकत पडद्याशी गेले. "ही माझ्या बायकोची, सुमिएची दुलई. ती गेली, मग घरही जळालं. एक फोटोसुद्धा उरला नाही हो. वहिनी, जरा मागे घ्या ना. पाय यायच्या आधीचं."

दया आली, खोटं कशाला बोलू? पण दयेखाली राग तसाच होता.

"घेते की. आधी सांगा, हे घर बांधलं कोणी?"

"नुइ!" तेइजो ओरडला.

कुरामोची तेइजोकडे वळले, पाय दुमडून बसले आणि कपाळ चटईला लागेपर्यंत वाकले. "उसामी तेइजोंनी बांधलं."

"मोठ्याने."

"उसामी तेइजोंनी बांधलं!"

मी कॅसेट मागे घेतली आणि पाय यायच्या आधीच थांबवली. या रविवारी पाय खाली आलाच नाही. तेइजो खाली मान घालून संत्रं सोलत होता. एरवी अखंड साल काढणारा माणूस, आज त्याच्या ताटलीत नुसते तुकडे पडत होते.