एकवीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद

"थांबा, आता ऑर्गन येईल," म्हणत कानमास्तरांनी हात वर केला, आणि ऑर्गन आला. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी जमणाऱ्या पाच जणांनी नेहमीप्रमाणे माना डोलावल्या.

कानमास्तर हे नाव त्यांना शर्टांच्या कारखान्यात मिळालं होतं. एकशेवीस शिलाई मशिनी धडधडत असताना कोणत्या मशिनीचा टाका सुटतोय, हे ते दारात उभं राहून सांगायचे. निवृत्त झाल्यावर तेच कान त्यांनी पूर्णवेळ सत्तरच्या दशकातल्या जर्मन रेकॉर्डना लावले. मोडीत निघालेल्या एका जहाजाच्या लिलावात तीस वर्षांपूर्वी त्यांना एक प्लेअर आणि अकरा रेकॉर्ड मिळाल्या होत्या. वाजवणाऱ्यांची नावं त्यांच्या देशातही फारशी कुणाला ठाऊक नसावीत. एकेक बाजू म्हणजे एकच लांबलचक वादन, शब्द नाहीतच. ड्रम एका चालीनं चालत राहायचा आणि वर ऑर्गन पसरत जायचा. मास्तर प्लेअर स्वतः उचलून आणत आणि आधी पाच मिनिटं भाषण देत. या लोकांना घाई ठाऊक नाही, असा संथपणा जगात दुसरीकडे सापडायचा नाही, वगैरे. ऐकणाऱ्यांना ते पाठ झालं होतं.

"काका, ही हळू चालतेय," नव्यानं आलेली बाई म्हणाली. पियानो सुरात लावणं हा तिचा धंदा होता.

"हळू नाही, संथ आहे."

"नाही हो. सूरच उतरलेत. गिटारची मोकळी तार कुठे वाजते ते मला झोपेतही कळतं. ही चांगली तीन पट्ट्या खाली आहे."

"बाई, तीस वर्षं ऐकतोय मी ही रेकॉर्ड."

"म्हणूनच लक्षात आलं नसेल." तिनं अगदी साधेपणानं हे म्हटलं आणि रेकॉर्ड थांबल्यावर ती उजेडात धरली. "इथे अठरा मिनिटं चार सेकंद छापलंय. शेजारी पेन्सिलीनं एकवीस एक्केचाळीस कुणी लिहिलं?"

"मी. छपाईची चूक आहे ती. घड्याळ लावून मोजलंय."

तिनं खोक्यातल्या बाकीच्याही काढून पाहिल्या. "अकराच्या अकरा रेकॉर्डवर चूक?"

"त्यांची घड्याळं चांगली, छपाई वाईट," मास्तर ठणकावून म्हणाले. शाळेतले कवायतीचे सर खोकल्याचं निमित्त करून हसले, आणि ते मास्तरांच्या कानांतून सुटलं नाही.

घरी पोहोचल्यावर त्यांनी प्लेअर पालथा घातला. त्याची लाकडी बैठक त्यांनीच तीस वर्षांपूर्वी ठोकली होती. ती उचकटल्यावर खाली एक पत्रा दिसला, त्यावर साठचा आकडा. आयुष्यभर शिलाई मशिनींच्या मोटारी उघडलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. हा प्लेअर जहाजावरच्या, सेकंदाला साठ हेलकाव्यांच्या (साठ हर्ट्झच्या) विजेवर चालायला बनवलेला होता. घरातली वीज पन्नासची. मोटार पहिल्या दिवसापासून हळूच फिरत होती, आणि ते त्या हळूपणावर भाषणं ठोकत होते.

उपाय सोपा होता. मोटारीवरची पुली दहा मिलिमीटरची होती, तिथे बारा हवी. शनिवारपर्यंत त्यांनी ओळखीच्या लेथवर पितळेची पुली कातली, बसवली आणि तीच रेकॉर्ड लावली.

ड्रम सुरू झाला. वादन चांगलं होतं, फार चांगलं होतं. तो वाजवणारा पोरगा धावत होता, अंगात वारं शिरल्यासारखा, आणि ऑर्गन त्याच्यामागे हसत पळत होता.

मास्तरांना बायको आठवली. ती त्याच कारखान्यात कॉलर शिवायची. प्लेअर घरी आला त्या पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं होतं, "अहो, या ढोलवाल्याला झोप आलीय का? पाय ओढतोय नुसता." त्यावर ते म्हणाले होते, "तुला काय कळतंय त्यातलं!" पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. ती चहाचे कप ठेवून आत निघून जायची. मग तिनं ऐकणंच सोडलं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

रेकॉर्ड अठरा मिनिटं चार सेकंदांनी संपली.

उद्या रविवार. आजारी असल्याचं कळवता आलं असतं. नाहीतरी कवायतीच्या सरांनी गावभर केलंच असेल. पण सुटलेला टाका तसाच ठेवून कापड पुढे सरकवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. सकाळी प्लेअर उचलून ते वेळेआधी पाच मिनिटं हजर झाले.

या वेळी भाषण नव्हतं. त्यांनी रेकॉर्ड लावली, आणि ती संपेपर्यंत सगळ्यांचे पाय ताल धरत राहिले. मग ते उभे राहिले.

"बाईंचं बरोबर होतं. छपाईही बरोबर होती. चूक माझी, तीस वर्षांची. आणि ती माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी पकडली होती. मी तिला हसलो, चारचौघांत हसलो. ती असती तर तिची माफी मागितली असती. ती नाही, म्हणून तुमच्यासमोर सांगतोय."

पियानोवाल्या बाईचे डोळे भरून आले होते.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "मास्तर, आज वहिनी इथे असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

"ती?" मास्तर रेकॉर्ड पाकिटात सरकवत म्हणाले. "म्हणाली असती, साडेतीन मिनिटं वाचली ना, मग आता तरी वेळेवर जेवायला चला."

सगळे हसले. मास्तरही मोकळेपणानं हसले. मग ते प्लेअरकडे वळले, आणि स्वतःच्या हातानं बनवलेलं त्याचं झाकण त्यांना बराच वेळ बसवता येईना.