डीकनची साक्ष

वर्लीनने खुर्ची बांधावर अशी रोवली, की बसणाऱ्याच्या डोळ्यांत कलतं ऊन थेट जावं. मग तळ्याकडे हात करून म्हणाली,

"बसा डीकनसाहेब. या खेपेला नीट बघा."

चर्चचा डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, हॉइट गुडघे धरत बसला. हॅट पुढे ओढली आणि गार चहा मिळेल का, एवढंच विचारलं. मिळणार नाही, असं तिने सांगितलं.

तिच्या नवऱ्याने, ऑर्बिनने, याच तळ्यात मांडीएवढा कॅटफिश धरला होता. तोही फ्लाय रॉडच्या लवचिक काठीने, हरणाचे केस गुंडाळून केलेल्या खोट्या माशीवर. अख्ख्या गावाने तोंडात बोटं घातली. कॅटफिश म्हणजे मिशांनी वास घेत चिखल हुंगणारा जीव. तो कोंबडीच्या कलेजीला भुलतो, कुजक्या चीजला भुलतो, केसांना कसा भुलेल? त्या वेळी ऑर्बिनपाशी उभा होता तो एकटा हॉइट. चर्चच्या अंगणात मासे तळले गेले, पंगत बसली, तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं की गळाला आमिष होतं. पुढे एक शब्द नाही. डीकन खोटं बोलत नाही हे पोराटोरांनाही ठाऊक, म्हणून ऑर्बिन लबाड ठरला. त्या दिवसापासून ऑर्बिन दुकानात शिरला की कोणीतरी हळूच कोंबडीचा आवाज काढायचं. तोही हसायचा. हसत हसत आतून झिजला आणि गेला. दफनाच्या दिवशीसुद्धा फाटकापाशी कोणीतरी तो आवाज काढला, तो वर्लीनने ऐकला होता.

आता करार असा होता: तिने माशीवर कॅटफिश धरला, तर रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी हॉइटने सगळ्या मंडळीसमोर उभं राहून आपला शब्द मागे घ्यायचा. नाहीतर तिने जन्मात हा विषय काढायचा नाही.

दोन उन्हाळे ती परसात, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून दोरी फेकायला शिकली. मनगट सुजलं, तिने फडकं बांधलं. दोरी मागे जाई, दोरी पुढे येई. मागे गेलेलं माणूस काही पुढे येईना. माशा तिने ऑर्बिनच्याच पेटीतल्या घेतल्या होत्या. निघताना त्याच्यासारखंच पेटीतल्या डबीतलं तपकिरी मेण बोटाने माशीला चोळलं होतं. मेणाचा वास उग्र होता, पण ऑर्बिनच्या सगळ्याच वस्तूंना तो होता.

"गळ दाखवा आधी," हॉइट म्हणाला.

तिने चार हातांवरून माशी धरून दाखवली. त्याने डोळे बारीक केले, केस दिसले, मान हलवली.

माशी पाण्यावर टेकली आणि बुडाली. वर्लीनने ती तळाला जाऊ दिली, मग दोरी बोटाबोटाने आत घेत राहिली. पाणी कोमट, हवा ओल्या घोंगडीसारखी. ऊन हॅटखालून हॉइटच्या हनुवटीवर चढलं. दोरी थांबली. तिने झटका दिला नाही. दोरी स्वतःहून चालू लागली तेव्हाच हात मागे ओढला, आणि काठी कमानीसारखी वाकली.

मासा वर येईना. खोल, जड, हट्टी. तिच्या दोन वर्षांसारखा. ती बांधावरून त्याच्या मागे चालत गेली, एकदा घसरली, पण काठी सोडली नाही. शेवटी हॉइट आपणहून उठला आणि हातजाळीने मासा बाहेर घेतला. मासा घोगरा कण्हला. मिशांखाली, ओठाच्या कोपऱ्यात माशी रुतली होती.

"त्याच्या पराच्या काट्याला हात लावू नका, बोट फाडेल," असं म्हणत त्यानेच गळ सोडवला.

मग बोटं नाकाशी नेली.

नंतर खिशातून आपली डबी काढली, उघडली आणि तिच्यापुढे धरली.

"हुंगा."

वर्लीनने हुंगलं. तो ऑर्बिनच्या कॉलरचा वास होता. रात्री तिच्या केसांतून फिरणाऱ्या त्याच्या बोटांचा.

"त्याचं मेण तुझ्याकडे कसं?"

"मेण नाही ते. वाळवलेली कलेजी, लसूण, बडीशेपेचं तेल. माझ्या आईची कृती. त्याला डबी मीच दिली होती."

मासा गवतात एकदा आपटला. वर्लीनने आपल्या बोटाकडे पाहिलं, ते झग्याला पुसायला नेलं आणि पुसलं नाही.

हॉइट म्हणाला की तो हे कोणाला सांगणार नाही. आज इथे काही घडलंच नाही असं धरू. तिने मासा घेऊन घरी जावं.

"डबी तुझी होती, हे पंगतीत सांगितलंस?"

त्याने डबीचं झाकण लावलं.

"कोंबडीचा आवाज काढत होते, तेव्हा सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही, वर्लीनबाई."

"रविवारी मी शेवटच्या बाकावर बसेन."

"ते देवाचं घर आहे. तिथे मी आजवर कधी खोटं..."

"ठाऊक आहे," वर्लीन म्हणाली. "म्हणूनच तर तुझ्याकडून हवंय."

हॉइटने हॅट काढली. हॅटखालचं कपाळ पांढरं होतं, लहान मुलाच्या पोटासारखं. कोणते शब्द वापरू, असं त्याने विचारलं.

"'आमिष नव्हतं.' एवढेच. म्हणून दाखव."

त्याने ओठ ओले केले आणि पाण्याकडे बघून ते म्हटलं.

"मोठ्याने," ती म्हणाली.