घरची गाडी, शेवटी

माझा धाकटा भाऊ मूर्ख नाही. मूर्ख असता तर मी त्याला माफ तरी केलं असतं.

आमचं गाड्यांच्या काचा बदलायचं वर्कशॉप आहे, आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. काच भाऊ बसवतो, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. त्यापुढचं काम माझं. हल्लीच्या गाड्यांना पुढच्या काचेमागे, आरशाच्या वर, कॅमेरा असतो. समोरची गाडी किती लांब आहे, आपल्या रांगेत आहे की शेजारच्या, हे तो बघतो. त्यावरून गाडी आपला वेग आपणच कमी-जास्त करते, आणि टक्कर होणार असं दिसलं की स्वतः ब्रेक लावते. काच बदलली की कॅमेऱ्याची नजर हलते. ती परत जागेवर आणायची तर गाडी सपाट फरशीवर उभी करा, चारी टायरची हवा सारखी करा, समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बोर्ड लावा, लेझर आणि टेप घेऊन अंतर मोजा आणि मग कॅमेऱ्याला तो बोर्ड दाखवा. तासभर जातो. नजर एका अंशाने चुकली तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो. म्हणजे तुमच्या नाकासमोरचा ट्रक शेजारच्या रांगेतून चाललाय असं गाडी समजते. भाऊ मला मोजपट्टी म्हणतो. म्हणू दे.

आमच्याकडे नियम एकच. काच बदलली की स्टिअरिंगला लाल टॅग लागतो. टॅग आहे म्हणजे कॅमेरा बघायचा राहिलाय, गाडी द्यायची नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही तणतणलं तरी नाही. आणि तो टॅग काढायचा तो फक्त मी.

गुरुवारी सकाळी मी खाली आले तर वर्कशॉपच्या तिसऱ्या खणात उभी असलेली गाडी गायब होती. लाल टॅग भावाच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली होता. कपाचा ओला गोल उमटला होता त्याच्यावर.

गाडी माझ्या भावजयीची. मी तिला सुईवाली म्हणते. ती डायलिसिस सेंटरमध्ये काम करते आणि ज्यांची शीर कुणाला सापडत नाही असे पेशंट तिच्याच नावाने थांबून राहतात. येऊन-जाऊन रोज सव्वाशे किलोमीटर. गेल्या वर्षी दोन शिफ्ट लागोपाठ करून परत येताना तिचा डोळा लागला आणि नेमका पुढचा टेम्पो थांबला. गाडी आधी कर्कश्श ओरडली, मग तिने आपणहून ब्रेक लावला आणि टेम्पोच्या हातभर मागे उभी राहिली. माझी भावजय त्या दिवशी धडधाकट घरी आली ती त्या कॅमेऱ्यामुळे. तेव्हापासून हायवेला लागली की ती क्रूझ लावते, म्हणजे वेग गाडीवर सोपवते, पुढच्या गाडीपासूनचं अंतर ठरवून देते आणि पाय मागे घेते. "ताई, माझ्यापेक्षा तिचं लक्ष जास्त असतं," असं म्हणायची. ते खोटंही नव्हतं. तशीच गाडी घे म्हणून मीच तर तिच्या मागे लागले होते.

"गाडी कुठाय?" मी भावाला विचारलं.

"घेऊन गेली की. आत्ताच, आठला."

"टॅग कुणी काढला?"

"मी." त्याने मान वर केली नाही. "किती दिवस दोन-दोन बस बदलत जाईल ती? काल तर एक चुकली, तासभर उभी होती."

"आणि कॅमेरा?"

"स्कॅनर लावून फॉल्ट पुसला. डॅशबोर्डवरची लाइट गेली. सगळं चालू आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थर्मामीटर फोडला की ताप उतरतो का रे? तुला माहीत नाही? परक्या माणसाला असली गाडी दिली असतीस का?"

"परक्याला नसती दिली. ही घरची आहे."

हे तो खरंच असं बोलला. आणि आपण काय बोललो हे त्याला कळलंसुद्धा नाही.

"तिला सांगितलंस?"

"काय सांगू? उगीच घाबरली असती. आणि गाडी चालवता येते तिला. आपले बाबा काय कॅमेरे लावून फिरायचे?"

"बाबांचा पाय ब्रेकवर असायचा. हिचा नसतो. तिला वाटतंय गाडी बघतेय, आणि गाडी बघतेय भलतीकडे."

आता त्याचा चेहरा उतरला. मी फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना ती फोन बॅगेत ठेवते आणि बॅग मागच्या सीटवर, शहाण्या माणसासारखी. सेंटरला लावला, तर ती अजून पोचली नव्हती. मी पिकअपची किल्ली उचलली. भाऊ न विचारता शेजारी येऊन बसला.

हायवेला लागेपर्यंत मी त्याला सोडला नाही. गाढवापासून सुरुवात केली. म्हटलं, गिऱ्हाइकाच्या गाडीला मिलिमीटर मोजतोस आणि बायकोची गाडी डोळे मिटून सोडून देतोस. लोकांना नियम सांगतोस आणि स्वतः टॅगवर कप ठेवतोस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि त्या अंधारात बायकोला सोडून दिलंस. तो पुढचा रस्ता बघत होता. अकरा वेळा मी त्याला तिचा नंबर लावायला लावला आणि अकराही वेळा नुसती रिंग वाजली.

टोलनाका ओलांडल्यावर तो बोलला. आवाज अगदी साधा होता.

"फळ्यावर काय लिहिलंयस, ताई?"

कामांचा फळा म्हणजे माझा. कुठली गाडी आधी, कुठली नंतर, ते मी ठरवते.

"शनिवारी मी काच बसवली. सोमवारी तुला म्हटलं, हिचा कॅमेरा करून टाक. तू लिहिलंस, घरची गाडी, शेवटी. मंगळवारी पुसून परत तेच लिहिलंस. काल तिसऱ्यांदा. काल तर पाचलाच हात धुवून वर गेलीस."

"गिऱ्हाइकं खोळंबली होती."

"हो. आणि ही बसस्टॉपवर."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. टॅग त्याने काढला होता, मी नाही. पण काल पाचला गाडी तिसऱ्या खणात होती, बोर्ड भिंतीला टेकलेला होता, आणि माझी कंबर दुखत होती. घरचीच तर आहे, पळून जाते का कुठे, असं मी मनाशी म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. मी ॲक्सिलरेटर दाबला.

पुढे गाड्या तुंबायला लागल्या तेव्हा आम्हाला दोघांनाही कळलं.

तिची गाडी एका पाइप वाहणाऱ्या ट्रकच्या मागे, रस्त्याच्या कडेला होती. पुढचं तोंड आत गेलं होतं, बॉनेट वर आलं होतं. भावाने बसवलेल्या काचेला मात्र ओरखडा नव्हता. ती कठड्यावर बसली होती. तोंडावर एअरबॅगची पांढरी भुकटी, आणि डाव्या हातात उजवं मनगट धरलेलं. मनगट जिथे वळत नाही तिथे वळलं होतं. उजवा हात, सुईचा.

ट्रकवाला तिला पाणी पाजत होता. आम्हाला बघून तो उठला. "पुढे रस्त्याचं काम आहे, म्हणून मी थांबलो," तो म्हणाला. "आरशात बघतोय तर बाई येतायत त्या येतच राहिल्या. ब्रेक लावला तो अगदी शेवटी. अँब्युलन्सला फोन केलाय मी."

भाऊ तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"ताई, ती थांबली नाही. ओरडलीसुद्धा नाही," ती म्हणाली. "मला ट्रक दिसत होता. चांगला लांबून दिसत होता. मी वाट बघत होते, आता लावेल ब्रेक, आता लावेल."

तिने मान गाडीकडे वळवली.

"स्टिअरिंगला टॅग नव्हता. म्हटलं, रात्री उशिरा का होईना, तुम्ही करून ठेवलंत."

"टॅग ह्याने काढला," मी म्हणाले. पटकन म्हणाले. लाज वाटते, पण पहिलं वाक्य हेच निघालं तोंडातून.

"मीच काढला," भाऊ म्हणाला. बस, एवढंच. फळ्याचं नाव त्याने काढलं नाही. काढलं असतं तर मी तिथे हायवेवर त्याच्याशी भांडले असते आणि माझी सुटका झाली असती. तो मान खाली घालून तिच्या चपलेतली काचेची बारीक कणी वेचत राहिला. हेडलाइटची होती.

"आणि मी बघितलाच नाही कॅमेरा," मी म्हणाले. "तीन दिवस गाडी समोर होती. घरची म्हणून मागे ठेवली."

ती मनगटाकडे बघत होती. तिला आज साडेनऊला एका म्हातारबाबांची शीर शोधायची होती, ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, हे ती मला कालच जेवताना सांगत होती. मी तिला आमटी वाढत होते.

"रोज रात्री आपण एका टेबलाशी जेवतो, ताई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, चढवला असता तर बरं झालं असतं. "दोघांपैकी एकाने नुसतं सांगायचं होतं, कॅमेरा राहिलाय म्हणून. मी पाय ब्रेकवर ठेवून गेले असते."