फ्लेक्सवरचा शुक्रवार

मालिकांच्या सेटवर जनरेटर पुरवता पुरवता मी निर्माता झालो. निर्माता नक्की काय करतो, हे आमच्या माण गावात मला आजवर कुणालाच समजावता आलेलं नाही. खरं सांगायचं तर तो मागतो. बंगला माग, गाडी माग, हिरोच्या तारखा माग. मागून मागून माझा पहिला सिनेमा, ‘उद्या सुट्टी’, पुरा झाला आणि शुक्रवारी चिंचवडला लागणार होता. बाराचा एकच शो. दहा माणसं आली नाहीत तर तोही रद्द, आणि मग कुठलाच थिएटरवाला माझा फोन उचलणार नव्हता.

म्हणून गावच्या चौकात मोठा फ्लेक्स लावला. नानासाहेबांनी शूटिंगला बंगला दिला होता, त्यांचा फोटो टाकावा लागला. त्यांचा टाकला म्हणून त्यांचे चुलतभाऊ उद्धवरावांचा, मग सबंध भावकीचा. त्या गर्दीत हिरो पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला. फ्लेक्सवाला समाधान म्हणाला, “राव, मधी तुमचाच टाकू. गॉगलवाला.” मी हो म्हटलं. अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

शुक्रवारी सकाळी दहाला आमच्या अंगणात हलगी वाजायला लागली. हार, शाली, नारळ, माझ्याच फोटोचा केक. नानासाहेबांनी मिठी मारली.

“ज्योतीराम, हॅपी बड्डे भावा!”

“नाना, आज माझा वाढदिवस न्हाई.”

“मग फ्लेक्स काय खोटं बोलतो व्हय?”

सगळे हसले. मधोमध एकाचा मोठा फोटो नि भोवती भावकी, असा फ्लेक्स गावात वाढदिवसालाच लागतो. गोंधळलो मीच. कागदावर माझा जन्म एक जूनचा, तोही शाळेत घालताना गुरुजींनी ठरवलेला. खरी तारीख मलाही ठाऊक नाही. “अहो, सिनेमा हाय, चिंचवडला चला,” असं ज्याला त्याला सांगितलं. “आधी केक,” म्हणाले. मग फोटो, मग भाषणं. राग येत होता आणि भरूनही येत होतं, कारण माझ्यासाठी एवढी माणसं कधी जमली नव्हती. ओवाळायला आई मात्र सापडेना.

पावणेबाराला थिएटरच्या मॅनेजरचा फोन आला.

“साहेब, दोनच तिकिटं खपलीत. शो रद्द करतोय, पण त्या दोघी उठायला तयार नाहीत.”

“कोण दोघी?”

“नऊवारीतल्या आजी आहेत. एक म्हणते, माझ्या लेकाचा पिक्चर आहे. घ्या, बोला.”

आईच होती. शेजारच्या सोजरबाईला घेऊन सकाळीच बसने गेली होती.

“आई, हितं माझा वाढदिवस चाललाय!”

“येडी हायेत समदी. तू हुरड्याच्या दिसांत झालास. आत्ता काय हुरडा हाय व्हय?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “ह्यो साहेब साडेबारापोत्तर थांबतो म्हंतोय. दहा माणसं लागत्यात. आमी दोघी हाय. तू आन् सात जणं या.”

मी केकची सुरी हातात धरून उभा होतो. अंगणात दोनशे माणसं होती. इतकी वर्षं मागत आलेल्या मला त्यांतली सात मागायला तोंड उघडेना.